वधूचें मौन

1936 च्या अखेरीस अमृता शेरगिल यांनीं अजिंठा व वेरूळ येथील लेणीं पाहिलीं आणि पुढल्याच वर्षीं ‘वधूचा शृंगार’ हें तैलचित्र काढलें. आज तें दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत आहे. त्यांच्या कलेंतील या वळणाचें श्रेय बहुधा अजिंठ्यास दिलें जातें, व तें रास्तही आहे. परंतु या चित्राचा भाव शोधणाऱ्यानें वेरूळपर्यंत वाट वांकडी करावी, असें आम्हांस वाटतें.

चित्राच्या मध्यभागीं वधू बसली आहे. तिची केशरचना चालली आहे, तळहात मेंदीनें रंगले आहेत, भोंवतीं स्त्रिया व मुलें आहेत. तयारी सारी मंगलकार्याची. मुख मात्र उदास. ही माहेर सुटण्याची हुरहूर, कीं दैवापुढें मान तुकविणें, कीं बराच वेळ बसून आलेला नुसता शीण? रविवर्म्याच्या तसबिरींवर पोसलेली आपली दृष्टि येथें अडखळते. त्याची दमयंती हंसाकडे पाहते, तेव्हां तिच्या मनांतलें आपणांस कथेनें आधींच सांगितलेलें असतें.

आतां वेरुळच्या 29 व्या, म्हणजे धुमार लेण्यांतील शिवपार्वतीविवाह पाहा. तेथें मुखावरील रेषा काळानें कितीही झिजोत, भावाविषयीं शंका उरत नाहीं. तपानें मिळविलेल्या वरानें त्या वधूचें पाणिग्रहण केलें आहे. शेरगिल यांच्या वधूस वर नाहीं, नांव नाहीं, कथाही नाहीं. लेण्यांतील स्तब्ध, ठसठशीत देह तेवढा त्यांनीं घेतला, आणि त्याला अर्थ देणारा पुराणाचा आधार काढून टाकला. चित्रांतील संदिग्धता जन्मते ती येथेंच.

कित्येक रसिक या मुखावर ‘भारतीय स्त्रीचें दुःख’ अशी चिठ्ठी डकवून मोकळे होतात. कोणी 1941 सालीं, वयाच्या अवघ्या 28 व्या वर्षीं झालेल्या चित्रकर्त्रीच्या मृत्यूची छाया त्यावर मागाहून पाडतात. पण केवळ दुःख म्हणावें, तर तळहातांची लाली खोटी ठरते. केवळ आनंद म्हणावा, तर मुख खोटें ठरतें. दोन्ही खरीं मानण्याचें धैर्य हें चित्र आपणांपाशीं मागतें. लग्नघरांत बोहल्यावर चढणाऱ्या मुलीस तिच्या मनांतलें कितीकांनीं विचारलें असेल? तिचें मौन आपल्या शब्दांनीं भरून न काढणें, हीच या चित्राची खरी रसिकता होय.