‘रसायनांचा तोल’ : एका रूपकाची परीक्षा

शास्त्र सामान्य माणसाच्या दारी येते ते बहुधा रूपकाच्या पायांनी. त्यात गैर काही नाही. परंतु अशा रूपकास घरात घेण्यापूर्वी त्याची झडती घेणे हे टीकाकाराचे कर्तव्य होय. स्किझोफ्रेनिया या व्याधीसंबंधी मराठीत जे लिहिले जाते, त्यात दोन शब्दप्रयोग हटकून भेटतात. एक ‘छिन्नमनस्कता’ हे नाव; दुसरा ‘मेंदूतील रसायनांचा तोल ढळतो’ हे स्पष्टीकरण. नागपूरच्या मनोरुग्णालयापासून दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात तर औषध सुरू राहील की सुटेल, हे पुष्कळदा पहिल्या भेटीत रुग्णाच्या घरच्यांना काय सांगितले गेले यावर ठरते. म्हणून हा वाद केवळ परिभाषेचा नव्हे.

प्रथम नावाचा विचार करू. ऑयगेन ब्लॉइलर या स्विस वैद्याने १९०८ साली ग्रीक शब्दांवरून ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा घडविली. विचार, भावना आणि इच्छा यांचे परस्परांशी असलेले धागे सैल होतात, एवढेच त्यास सुचवावयाचे होते. आपल्या ‘छिन्न’ शब्दाने मात्र तुटलेपण कानात भरते. आणि भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवीत नाही, तिचे विसर्जन करतो. जपानातही या रोगाचे जुने नाव ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशाच अर्थाचे होते. तेथील वैद्यांनी २००२ साली ते टाकून सौम्य नाव घेतले. आपणांस तसे करण्यास कोणती अडचण आहे?

‘तोल’ हा शब्द याहून भला आहे. ‘बाहेरचे लागले’ हा समज आणि आईच्या संगोपनावर येणारा ठपका, हे दोन्ही त्याने पुष्कळ दूर केले, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. वातपित्तकफांच्या समतोलाची सवय असलेल्या आपल्या मनास तो लगेच पटतो. परंतु पटणे म्हणजे खरे असणे नव्हे. मध्य भारताच्या पानझडी अरण्यांतही आढळणाऱ्या सर्पगंधेचा उन्मादावर उपयोग होतो, असे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले. तिच्यातील रेसर्पिन १९५२ साली वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झाला. पुढे आर्व्हिड कार्लसन यांच्या संशोधनातून दिसले की रेसर्पिन मेंदूतील डोपामाइनचा साठा रिकामा करते. क्लोरप्रोमॅझिनच्या जातीची औषधे डोपामाइनची ग्राहके अडवितात, हेही नंतर सिद्ध झाले. यावरून, रोग म्हणजे डोपामाइनचा अतिरेक, असे अनुमान निघाले. पण पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडले होते असे कोणी म्हणत नाही. मेंदूच्या एका अंतर्भागात डोपामाइनचा स्राव वाढलेला आढळतो, हे खरे. सबंध मेंदूत तो वाढलेला नसतो. इतर औषधे हरतात तेथे पुष्कळदा क्लोझापिन उपयोगी पडते, आणि ते ही ग्राहके तुलनेने सौम्यपणे अडविते. २०२४ साली अमेरिकेत मान्य झालेले एक औषध तर या ग्राहकांना हात न लावता दुसऱ्याच वाटेने जाते. एका तराजूत हे सर्व मावत नाही.

आणि तराजूचा खरा दोष व्यवहारात दिसतो. तोल साधला की वजने उचलून ठेवावयाची असतात. भामरागडकडील मुलाच्या कानांतले आवाज थांबले, की तोल आला असे समजून घरचे गोळ्या बंद करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक परीक्षणात, वर्षभराच्या सुमारास औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांत रोग उलटला होता. उलट, औषधाने हातपाय ताठरले, कंप सुटला, म्हणजे घरच्यांना वाटते की तोल गेला तो या गोळीनेच!

याहून चांगले रूपक शितिज कपूर या मनोवैद्याने २००३ साली मांडलेल्या विचारात सापडते. ‘हे लक्षात घेण्याजोगे आहे’ अशी खूण वस्तूंवर करणे, हे डोपामाइनचे एक काम. ताडोब्याच्या कडेला मोहफुले वेचणाऱ्या बाईस पाचोळ्यातील शंभर आवाज सोडून देता आले पाहिजेत आणि वाघाचा एक आवाज ओळखता आला पाहिजे. या रोगात शंभरही आवाज हाक मारू लागतात, आणि ती हाक आपल्यालाच आहे असे वाटते. औषध ती हाक मंद करते. तिला दिलेला अर्थ मात्र सावकाश, माणसांच्या संगतीत आणि कामात विरतो. गोळी रोज का घ्यावी आणि गोळीच पुरेशी का नाही, हे दोन्ही यातून कळते. रुग्णाची उमेद का खचते, तो अबोल का होतो, हे यातून नीट उलगडत नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. त्या लक्षणांपुढे प्रचलित औषधेही बव्हंशी थिटी पडतात.

अरण्यातले शब्द घ्यावयाचे म्हणजे पुजाऱ्याच्या निदानाला शरण जावयाचे काय? मुळीच नाही, उपचारास लागलेला विलंब रुग्णासच भोवतो. परंतु राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत रुग्णालय उभारताना ते कसे असावे हे लोकांनाच विचारले. लोकांनी त्यास दंतेश्वरी देवीचे नाव देण्यास सांगितले, आणि इमारतीही गावच्या घरांसारख्या झाल्या. तेथील औषध त्यामुळे कमी शास्त्रीय झाले नाही. रोगाच्या वर्णनासाठीही असेच विचारावयास हवे. शहरात घडलेले ‘छिन्न’ आणि ‘तोल’ हे शब्द त्या कसोटीस उतरत नाहीत, असे आमचे मत आहे.