क्रम : मत की मोजमाप?

इथं पोफळीत कोयनेचं पाणी वीजघरात येतं ते उतारानं. शोधयंत्रातली यादी मात्र कुणीतरी लावलेली असते. मग ती लावणाऱ्याला जाब विचारता येतो का?

२००३ साली अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या न्यायालयानं ‘सर्च किंग’चा गूगलवरचा दावा फेटाळला. कारण काय, तर क्रम हे गूगलचं मत, आणि मत मांडायला घटनेची मुभा. आम्हांला हे पटत नाही. मत ज्याचं असतं तो ‘हे माझं’ असं म्हणतो. यादी बघणारा तर ती मोजमाप समजूनच बघतो!

आपल्याकडे भारत मॅट्रिमोनी आणि जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहकसंस्था स्पर्धा आयोगाकडे गेल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगानं गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड केला. दोन सदस्य असहमत होते, हेही सांगितलं पाहिजे. एक ठपका असा, की विमानप्रवास शोधला की गूगलची स्वतःची चौकट ठळक जागी. बरोबर पकडलं. पण उपाय काय? तर चौकटीत सूचना लिहा, की ही लिंक गूगलच्याच पानावर नेते. अहो, लिंक कुठं नेते हे कळलं. चौकट तिथं का बसली, हे विचारायचं राहूनच गेलं.