नकाशावरचे पक्षी मोजले कोणी?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि तिचे सहकारी ‘बर्डकास्ट’ नावाचा प्रकल्प चालवतात. स्थलांतराच्या हंगामात रात्री आकाशात किती पक्षी आहेत, ते त्यांचा नकाशा आकड्यांत सांगतो. नकाशा देखणा आहे. आमची तक्रार आहे ती आकड्याबद्दल, कारण रडार पक्षी मोजत नाही.

हा आकडा येतो तो हवामान खात्याच्या १४३ रडारांकडून. त्यांची तरंगलांबी सुमारे १० सेंमी. ती बांधली पावसासाठी. सोडलेल्या लहरींपैकी किती परत आल्या आणि त्या परतवणारी वस्तू जवळ येते आहे की दूर जाते आहे, एवढेच रडारला कळते. वाऱ्याचा वेग वजा केला की मंद उडणारे कीटक बरेचसे वेगळे काढता येतात. पाऊस वगळायला आता संगणक शिकवलेले आहेत. उरलेल्या प्रतिध्वनीचे पक्षी कसे करतात? एका पक्ष्याचे ‘प्रतिध्वनी-क्षेत्र’ ११ चौरस सेंमी धरतात आणि भागाकार करतात. एका घन किलोमीटर हवेतून ११०० चौरस सेंमी इतका प्रतिध्वनी आला, तर पक्षी १००. हे ११ साधारणपणे लहान गाणाऱ्या पक्ष्याचे माप. त्या हवेतून बदके चालली असतील तर? रडारला ते कळत नाही. एकेक बदक अनेक पक्षी म्हणून मोजले जाते. नकाशावर आकड्याशेजारीच हे गृहीतक छापायला हवे होते.

याच रडारांवर आधारलेला भाग ‘सायन्स’मधील २०१९ च्या शोधनिबंधात आहे, आणि तो आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो. २००७ ते २०१७ या काळात वसंतातील रात्रीचे स्थलांतर सुमारे १३.६ टक्क्यांनी घटले, असे तो सांगतो. पण ही घट पक्ष्यांच्या संख्येतली नव्हे, जैवभारातली, आणि अनिश्चितता ९ टक्क्यांच्या आसपास. १९७० पासून २९० कोटी पक्षी कमी झाले, हा त्याच निबंधातील गाजलेला आकडा मुख्यतः जमिनीवरील गणनांतून आलेला आहे. वर्गात सांगताना या दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये.

मग रात्रीचे पक्षी खरोखर मोजले कोणी? लुइझियानात जॉर्ज लावरी यांनी १९४० च्या दशकात दुर्बीण चंद्राकडे रोखली आणि चंद्रबिंबावरून सरकणाऱ्या सावल्या मोजल्या. पुढे सिडनी गोथ्रो यांनी रडारचा प्रतिध्वनी अशाच मोजणीशी ताडून पाहिला. (पौर्णिमेच्या आसपास, साधी दुर्बीण तिवईवर बसवून हा प्रयोग शाळेलाही करता येईल. पक्षी दिसेपर्यंत मुलांचा धीर टिकवणे तेवढे अवघड!)

नकाशा टाकाऊ आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोतील एका काचेच्या इमारतीवर आपटून एका रात्रीत सुमारे १००० पक्षी मेले. दिवे कधी मालवायचे हे ठरवायला खरा आकडा लागत नाही. आजची रात्र कालच्यापेक्षा भारी आहे का, एवढे कळले तरी पुरते. एकाच रडारच्या दोन रात्रींची अशी तुलना करताना ते ११ दोन्हीकडे सारखेच असतात.