संस्थापकांचे आप्त आणि विद्यापीठांची सुधारणा

प्रतिष्ठित विद्यापीठांवरील जाहीर टीका ही नवी गोष्ट नव्हे. ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात १७४० ते १७४६ ही वर्षे काढलेल्या ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात तेथील अध्यापन जवळजवळ थांबले असल्याचा ठपका ठेवला आणि त्याचे कारणही सांगितले: अध्यापकांचे उत्पन्न विद्यार्थ्यांवर अवलंबून नसून जुन्या देणग्यांवर अवलंबून होते. १८३१ साली 'एडिंबरो रिव्ह्यू'तून सर विल्यम हॅमिल्टन यांनी ऑक्सफर्डवर टीकेची झोड उठविली. तेही बेलियलचेच विद्यार्थी. टीका बाहेर छापली गेली, तरी तिचा उगम आतल्या अनुभवात होता.

अशा टीकेनंतर, विद्यापीठांना सुधारणेची गरज आहे काय, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. तो अपुरा आहे. सुधारणा कोणत्या दोषाची, आणि तिच्यामुळे विद्येचे क्षेत्र विस्तारते की आकुंचन पावते, हा खरा प्रश्न होय.

ऑक्सफर्डचेच उदाहरण घेऊ. तेथील काही महाविद्यालयांत संस्थापकांच्या आप्तांना विशेष हक्क होते. १४३८ साली स्थापन झालेल्या ऑल सोल्स महाविद्यालयाचे संस्थापक आर्चबिशप चिचेली हे अविवाहित धर्मगुरू. तरीही तीन शतकांनंतर त्यांच्या भावंडांच्या वंशजत्वाच्या आधारे फेलोशिपवर दावे सांगितले जात. त्याच महाविद्यालयाचे फेलो असलेले विधिपंडित ब्लॅकस्टन यांनी १७५० साली प्रबंध लिहून ह्या दाव्यांना मर्यादा असावी, असे प्रतिपादन केले. पण आतल्या विवेकाला बाहेरचा आधार मिळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १८५० साली पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी राजकीय आयोग नेमला, तेव्हा तो बेकायदेशीर असल्याचा कायदेपंडितांचा अभिप्राय विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी मिळविला. तथापि १८५४चा कायदा झाला. आप्तांचे बहुतेक हक्क संपले. आणि १८७१च्या कायद्याने पदव्या व फेलोशिप यांवरील धार्मिक अटीही, ईश्वरशास्त्राचा अपवाद सोडता, दूर झाल्या. केंब्रिजलाही तो कायदा लागू होता. १८९९ साली सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे पुढे सेंट जॉन्स महाविद्यालयाचे फेलो होऊ शकले, त्यामागे हा मोकळा झालेला मार्ग होता.

म्हणजे सरकारी हस्तक्षेप तेवढा वाईट, हा विद्यापीठांचा आवडता युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. पार्लमेंटने तेथे दरवाजा उघडला. आत काय शिकवावे आणि कोणते मत बाळगावे, हे मात्र सांगितले नाही. किंबहुना मत बाळगण्याची सक्तीच काढून टाकली.

ही कसोटी आजच्या अमेरिकेतील वादाला लावून पाहावी. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारे प्राधान्य म्हणजे संस्थापकांच्या आप्तांचा हक्कच नव्या वेषात. चेट्टी, डेमिंग व फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली बारा अग्रगण्य संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेशपरीक्षेतील गुण समान असताही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या मानाने दुपटीहून अधिक प्रमाणात तेथे पोहोचतात, असे त्यांना आढळले. आणि ह्या तफावतीचे एक प्रमुख कारण हे प्राधान्यच होते. त्याच वर्षी जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची हार्वर्डची पद्धत घटनाबाह्य व बेकायदेशीर ठरविली; कुळाचे प्राधान्य मात्र त्या निकालाने अबाधित राहिले. देणग्यांचा ओघ आटेल, हे त्याचे नेहमीचे समर्थन. परंतु मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्यासंस्था असे प्राधान्य देत नाही. जॉन्स हॉपकिन्सने ते सोडले. आणि कॅलिफोर्नियाने २०२४ साली खाजगी विद्यापीठांनाही ते कायद्याने वर्ज्य केले.

ह्याउलट एप्रिल २०२५मध्ये केंद्र सरकारने हार्वर्डकडे केलेल्या मागण्यांत विभागाविभागांतील मतांच्या विविधतेची बाहेरून तपासणी करण्याची मागणी होती. विद्यापीठाने नकार देताच दोन अब्ज डॉलरांहून अधिक संशोधन-अनुदान गोठविण्यात आले. सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायालयाने ती कृती अवैध ठरविली. हस्तक्षेप येथेही बाहेरचाच. पण तो दरवाजा उघडण्यापुरता नव्हता, आत चालणाऱ्या विचाराची मोजदाद करू पाहणारा होता. १८७१ साली जे काढून टाकले गेले, त्याच्याच जवळ जाणारे हे पाऊल होय.

तथापि दोष एकट्या सरकारला देऊन विद्यापीठांना मोकळे होता येणार नाही. विचारस्वातंत्र्यावर आघात झाला, तेव्हा सामान्य जनांची सहानुभूती त्यांना अपेक्षेइतकी लाभली नाही. कारण ज्यांच्या मुलांना आत जागा नाही, त्यांना ते स्वातंत्र्य दुसऱ्यांच्या मालकीचे वाटते. समर्थनीय नसलेला विशेषाधिकार आणि प्राणपणाने जपण्याजोगे स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच तटबंदीआड ठेवली, की पहिल्यावर येणारा हल्ला दुसऱ्यावरही कोसळतो. ज्या नियमाचे समर्थन चारचौघांत करता येत नाही, तो विद्यापीठाने स्वतः होऊन सोडावा. म्हणजे उरलेल्यासाठी लढण्याचा नैतिक अधिकार त्याच्यापाशी राहील.