नकाशातले टोक : टपालमार्गांच्या ओळींतून म्हसळा वाचताना

म्हसळ्याविषयीचा छापील मजकूर वाचायला घेतला, की पहिल्या एक-दोन परिच्छेदांत 'दुर्गम' हा शब्द भेटतोच. मग तो शासकीय अहवाल असो, एखाद्या शाळेची स्मरणिका असो, की स्थानिक इतिहासाची पुस्तिका. मी या भागाची कागदपत्रे गेली बरीच वर्षे माझ्या परीने जमवतो आहे. माझ्याही जुन्या टिपणांत हा शब्द जागोजाग आहे. कोणापासून दुर्गम, कोणत्या वाटेने दुर्गम, हे मी कधी विचारले नव्हते. तो प्रश्न पडला टपालमार्गांचे नकाशे पाहताना. माझे म्हणणे असे, की म्हसळ्याची दुर्गमता जितकी डोंगरांनी घडवली, तितकीच ती एका विशिष्ट प्रकारच्या नकाशाने घडवली. आणि आपण अभ्यासकांनी तो नकाशा न तपासता उतरवून घेतला.

टपालाचा नकाशा मुळात कशासाठी असतो, इथून सुरुवात करू. १८३७च्या कायद्याने कंपनी सरकारचे टपाल सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा पत्राचा दर वजनावर आणि अंतरावर ठरत असे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. अशा व्यवस्थेत मार्गाचा तक्ता म्हणजेच दरपत्रक. कोणते ठाणे किती मैलांवर, हे कारकुनाला ठाऊक नसेल तर पैसे किती घ्यायचे हेच ठरणार नाही. १८५४मध्ये हे चित्र पालटले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा, असा एकच दर झाला आणि तिकिटे आली. लोकांच्या लेखी अंतर संपले. आता अंतराची गरज उरली ती फक्त खात्याला : थैली कुठून निघते, कुठे फुटते, कोणाच्या हाती जाते आणि कुठे थांबते. यापुढचा टपालाचा नकाशा हा देशाचा नकाशा राहिला नाही. तो थैलीचा नकाशा झाला.

सर्कलवार तयार झालेल्या नकाशांत हे स्पष्ट दिसते. रेल्वेची ओळ वेगळी, मोटारीची वेगळी, जलमार्गाची वेगळी, आणि हरकाऱ्याच्या पायवाटेची वेगळी. मुख्य कचेरी, उपकचेरी, शाखा कचेरी यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे खुणा. एकूण आकृती झाडासारखी. खोड रेल्वेचे, फांद्या सडकेच्या, डहाळ्या हरकाऱ्यांच्या. झाडाच्या आकृतीचा एक गुण असतो : तिच्यात प्रत्येक गावाला एकच वरचे गाव असते. पान फांदीला चिकटते. शेजारच्या पानाशी त्याचा संबंध दाखवायला जागाच नसते. शिवाय शेवटच्या पानापुढे काही नसते. म्हसळा या आकृतीत आले, की ते माणगावकडून येणाऱ्या फांदीवर लटकते. वर घोणसे घाट, खाली म्हसळा, पुढे श्रीवर्धन, आणि मग कागदाचा निळा रंग. नकाशा पाहणाऱ्याला वाटते, हे गाव वाटेच्या टोकाला आहे.

पण म्हसळ्याची जागा पाहा. राजपुरीच्या खाडीची एक शाखा दक्षिणेकडे आत शिरते आणि तिच्या आतल्या टोकाशी हे गाव वसले आहे. त्या खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा किल्ला, उत्तरेला दंडा-राजपुरी आणि मुरूड, दक्षिणेला दिघी. सिद्दींच्या जंजिरा संस्थानात मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे एकाच राज्याचे भाग होते, आणि त्या राज्याच्या मधोमध ही खाडी होती. आज आपण खाडीला दोन तालुक्यांमधली सीमा समजतो. त्या राज्याला ती अंगण होती. याहून जुना पुरावा श्रीवर्धनच्या भट घराण्याचा. बाळाजी विश्वनाथांच्या या घराण्याकडे दंडा-राजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी होती. म्हणजे खाडीच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे गाव एकाच वतनात मोजले जात होते. जमिनीच्या वाटेने मुरूडहून श्रीवर्धनला जायचे तर केवढा वळसा पडतो, हे ज्याने एकदा केले आहे त्याला या वतनाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. त्या काळच्या माणसाचा रस्ता पाण्यावर होता. गलबत, मचवा, पडाव हे शब्द म्हसळ्याच्या बाजारपेठेला एस.टी.च्या आधीपासून ठाऊक आहेत.

एका संस्थानाचा मुलूख म्हणून टपालाने इथे वेगळा विचार केला असेल का? तसे दिसत नाही. शेजारच्या भोर संस्थानाने १८७९मध्ये स्वतःची तिकिटे काढली होती. जंजिऱ्याने तशी काढली नाहीत. इथली पत्रे इंग्रजी टपालाच्या ओळीनेच गेली आणि त्या ओळीच्या गरजेप्रमाणेच गावांचा क्रम लागला.

सर्वेक्षण खात्याच्या नकाशांनी यात अजाणता भर घातली. हे नकाशे अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत कापलेले असतात आणि टपाल कचेरी असलेल्या गावापाशी ते इंग्रजी आद्याक्षरे छापतात. त्या चौकटींत म्हसळा आणि श्रीवर्धन ४७ एफ/४ या पत्रकावर येतात, तर मुरूड आणि दिघी ४७ बी/१५वर. दिवेआगर तिसऱ्याच पत्रकावर, ४७ बी/१६वर. १८ अंश १५ कला अक्षांश आणि ७३ अंश रेखांश जिथे छेदतात तो चार पत्रकांचा सांधा नेमका दिघीच्या जवळ पडतो. राजपुरीची खाडी अखंड पाहायची तर एका कागदावर भागत नाही. शेजारची पत्रके जोडून जमिनीवर पसरावी लागतात. यात कोणाचा हेतू नाही. पण एकच पत्रक विकत घेऊन अभ्यास करणाऱ्याच्या हाती मुरूडवाचूनचा म्हसळा येतो, हेही खरे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. खाडी इतकी सोयीची होती, तर टपालाने तीच वाट मुख्य का धरली नाही? याचे उत्तर घड्याळात आहे. टपालाला वेळ लागते, रोज तीच. खाडी चालते भरती-ओहोटीवर, आणि भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहाचा सुमार. हा हिशोब मचव्याच्या तांडेलाला पुरतो, पण पोस्टमास्तराच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात तो बसत नाही. त्यात पावसाळा. किनाऱ्याची वाहतूक पावसात मंदावते किंवा थांबते, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होते. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर शेकडो माणसांसह बुडाली. पावसाळी समुद्र काय करू शकतो, याची ती आठवण कोकणातून अजून गेलेली नाही. बारमाही आणि ठरल्या वेळेची वाट हवी, तर खात्याने जमिनीची वाट धरणे चुकीचे म्हणता येत नाही. माझी तक्रार नकाशाविरुद्ध नाहीच. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबर दिले. प्रश्न एवढाच होता, की थैली वर्षभर कशी पोचेल. आपण मात्र त्या उत्तरावरून माणसे, माल, सोयरीक आणि बातमी कशी पोचत होती, हेही ठरवून टाकले.

तुलनेसाठी उत्तरेकडे पाहू. काश्मीरहून लडाखला जाणारी वाट झोजी खिंडीतून जाते आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होते. जम्मू-काश्मीर संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६६ ते १८९४ या काळात होती, त्यामुळे त्या मुलखाच्या टपालावर संग्राहकांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. तिथल्या पत्राचा माग काढणारा अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो : ऋतू कोणता? खिंड उघडी होती का? ओळ नकाशावर बारा महिने दिसली, तरी ती बारा महिने सारखी नसते, हे तो गृहीत धरतो. कोकणाच्या बाबतीत आपण हे विसरतो. लडाखला बर्फ आहे, तसा आपल्याला पावसाळा आहे. फरक असा की तिथे बंद होते ती मुख्य वाट, आणि इथे बंद होते ती नकाशात दुय्यम ठरलेली वाट. म्हणून तिच्या बंद होण्याची नोंद होते आणि उघडी असण्याची होत नाही. वर्षातले आठ महिने म्हसळा दोन दारांचे घर होते, चार महिने एका दाराचे. नकाशाने चार महिन्यांचे चित्र बारा महिन्यांसाठी छापले.

या जुन्या ओळी कागदाबरोबर गेल्या, असे मानण्याचे कारण नाही. त्या आपल्या रोजच्या पत्त्यात आहेत. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, पुढचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीपर्यंत. आता आपल्या भागातले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. माणगाव ४०२१०४, म्हसळा ४०२१०५, नागोठणे ४०२१०६, पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९, श्रीवर्धन ४०२११०. अलिबाग ४०२२०१, रेवदंडा ४०२२०२. महाड ४०२३०१. मुरूड ४०२४०१. मी हे आकडे नकाशा म्हणून वाचतो. म्हसळा त्याच्या जुन्या राजधानीच्या, मुरूडच्या गटात नाही. ते पेण-माणगावच्या सडकेच्या गटात आहे. फांदी तीच, फक्त ओळीऐवजी आकडा.

पण पुढचे दोन आकडे मला थांबवून गेले. बोर्ली पंचतन ४०२४०३, दिवेआगर ४०२४०४. ही दोन्ही गावे श्रीवर्धन तालुक्यातली, खाडीच्या दक्षिणेची. बोर्लीहून सडकेने माणगावला जायचे तर वाट म्हसळ्यावरून जाते. तरीही त्यांचा गट श्रीवर्धनचा नाही, म्हसळ्याचाही नाही. तो खाडीपलीकडच्या मुरूडचा आहे. आगरदांडा ते दिघी हे पाणी ओलांडल्याशिवाय हा क्रम लागत नाही. माझा निष्कर्ष असा, की सडकेच्या झाडाने सगळा मुलूख व्यापला तरी या एका कोपऱ्यात खाडीची जुनी वाट टपालाच्या हिशोबात टिकून राहिली आणि आकड्यांत गोठली. तालुका एका बाजूला, पिनकोड दुसऱ्या बाजूला. आज फेरीबोटीने दिघीला उतरणारे पर्यटक तो जुनाच क्रम पुन्हा गिरवत असतात.

हे सगळे बारीकसारीक वाटेल. त्यातून बिघडते काय? बिघडते ते इतिहासाचे लेखन. 'दुर्गम' म्हटले की कथा आपोआप ठरते : आधी काही नव्हते, मग रस्ता आला, मग सुधारणा आली. या कथेत हबसाणातून केपटाऊनला गेलेल्या कोकणी मुसलमानांना जागा उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली माणसे आफ्रिकेच्या टोकाला गेली, पुढे आखातात गेली, जहाजांवर खलाशी झाली, मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत राबली. १८८०मध्ये मनीऑर्डर टपालाकडे आली आणि कोकणाची चूल तिच्यावर चालू लागली. ज्या गावात परदेशी शिक्क्याचे पाकीट आणि मुंबईची मनीऑर्डर वाचायची सवय पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या गावाला जगापासून तुटलेले म्हणायचे कसे? माणगाववाल्याला म्हसळा लांब होता. म्हसळ्याला मुंबई लांब नव्हती.

म्हणून माझी सूचना साधी आहे. टपालमार्गाचा नकाशा पुरावा म्हणून जरूर वापरावा, पण एकटा वापरू नये. त्याच्या शेजारी घराघरांतली तारेला ओवलेली कार्डे आणि पाकिटे ठेवावीत. पूर्वी टपालावर निघण्याचा शिक्का एका बाजूला आणि पोचण्याचा बहुधा दुसऱ्या बाजूला असे. दोन तारखांमधले दिवस मोजा, ते महिन्यावार लावा, आणि सोबत पंचांग ठेवा. श्रावणातले पत्र आणि माघातले पत्र किती दिवसांत आले, हे कळले की ओळ जिवंत होते. कारण नकाशा सांगतो पत्र कसे जायला हवे होते. शिक्का सांगतो ते कसे गेले.

ही घाई करण्याचे कारण आहे. तार २०१३मध्ये बंद झाली, साधी मनीऑर्डर २०१५मध्ये. २०२५च्या मे महिन्यात टपाल खात्याने डिजिपिन आणला : देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचे नाव. रुग्णवाहिकेला वाडीवरचे घर सापडावे, यासाठी तो उपयोगी आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. पण त्याला मार्ग नाही. कोणते गाव कोणाच्या मागे, थैली कुठून कुठे, हे त्यात कुठेच नाही. माझ्या घराचा चौकोन आणि खाडीतल्या चिखलाचा चौकोन त्याला सारखेच. त्यात कोणी दुर्गम ठरणार नाही, हे चांगले. पण कोणाचा कोणाशी संबंध होता, हेही त्यातून कधी वाचता येणार नाही. उद्याच्या अभ्यासकाला ते वाचायचे असेल, तर ४०२४०३ हा आकडा म्हसळ्याला वळसा घालून मुरूडशी का जोडला गेला, हे आजच लिहून ठेवायला हवे. मी माझ्या टिपणांतला 'दुर्गम' शब्द खोडून तिथे 'माणगावकडून लांब' असे लिहिले आहे.