जन्माचा हक्क, जन्माची वेठ

हिंदू वारसा कायद्याची चर्चा आपल्याकडे मुलीच्या वाट्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. घाटकोपरच्या आमच्या अभ्यासमंडळात ‘मिताक्षरा’ आणि ‘व्यवहारमयूख’ यांवर चर्चा करताना मला प्रश्न पडला: हा वाटा कोणत्या तत्त्वावर मागायचा?

‘मिताक्षरे’चा कर्ता विज्ञानेश्वर. त्याचा सिद्धांत असा की मुलगा जन्मताच वडिलोपार्जित मालमत्तेचा भागीदार होतो. नीलकंठभट्टाचा सतराव्या शतकातला ‘मयूख’ इंग्रज अमदानीतल्या न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात श्रेष्ठ मानला. त्याने बहिणीला वारसांत जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. पण जन्माचे तत्त्व त्यानेही सोडले नाही.

जन्मसिद्ध वाटा महारालाही होता, तो वतनाचा. थोडी जमीन, थोडे बलुते आणि त्याबदल्यात गावाची व सरकारची रात्रंदिवस चाकरी. एका घरात जन्म मालमत्ता देत होता, दुसऱ्या घरात वेठ. म्हणून १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे बाबासाहेब आणि हिंदू कोड बिल मांडणारे बाबासाहेब मला वेगळे काढता येत नाहीत. त्या बिलात पुत्राचा जन्मसिद्ध हक्कच संपणार होता. बिल रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. राजीनाम्याच्या कारणांत हे एक प्रमुख होते. १९५६ च्या वारसा कायद्याने मात्र मिताक्षरेचे एकत्र कुटुंब शाबूत ठेवले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला त्यात आणले. केरळने १९७५ च्या कायद्याने ती पद्धतीच मोडली. बाबासाहेबांच्या मसुद्याच्या जवळ जाणारी वाट तीच होती.

हा प्रश्न आपला नाही, असे कोणी म्हणू नये. धम्म स्वीकारल्यावरही बौद्धांना हाच हिंदू वारसा कायदा लागू आहे. वतन १९५८ च्या कायद्याने गेले. आमच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा उरला. त्यावर माझ्या बहिणीने हक्कसोडपत्राला अंगठा दिला, तेव्हा मी शेजारी गप्प उभा होतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ‘माहेर तुटायला नको,’ एवढेच ती म्हणाली.

मनुस्मृती जाळल्याचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. तो सांगण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरातला सातबारा उघडून पाहावा. त्यावर बहिणीचे नाव नसेल तर मनू अजून आपल्या घरात आहे. मी हे स्वतःला वगळून लिहीत नाही.