पापाची वाटणी आणि रहस्याची वाटणी

कादंबरीवरून चित्रपट निघाला की तो मूळ कृतीशी कितपत इमान राखतो, एवढ्या एकाच कसोटीवर त्याचा निवाडा करून मोकळे होण्याची समीक्षकांची वहिवाट जुनी आहे. परंतु रहस्यप्रधान कादंबरीच्या बाबतीत ही कसोटी मला अपुरी वाटते. पाप कोणाच्या माथी आणि ते कोणाला केव्हा कळावयाचे, अशा दोन वाटण्या तीत झालेल्या असतात. दुसरीत दिग्दर्शकाने खुशाल फेरफार करावेत. पहिलीला हात लागला की कृतीचा प्राणच जातो, हे हिचकॉकचे चित्रपट मूळ कादंबऱ्यांशेजारी ठेवले असता ध्यानात येते.

दाफ्ने द्यू मोरिएच्या ‘रिबेका’त (१९३८) मॅक्सिम पहिल्या पत्नीला गोळी घालतो, आणि त्याचा कबुलीजबाब ऐकणारी दुसरी पत्नी शहारण्याऐवजी, त्याचे रिबेकावर प्रेमच नव्हते या एका गोष्टीने मनोमन सुखावते, आणि आपण खुन्याच्या सुटकेची वाट पाहत आहो हे उमगूनही वाचक तिच्या सुखात सामील होतो. पत्नीचा खून करणाऱ्यास निर्वेध मोकळे सोडण्याची मुभा हॉलिवुडच्या तत्कालीन नियमावलीत नसल्यामुळे १९४० च्या चित्रपटात रिबेका नुसती पडून मरते! वाडा तोच, वाड्याची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स हिचा तो निश्चल चेहराही लाजवाब. पण प्रेक्षकाच्या सदसद्विवेकबुद्धीची परीक्षा तेवढी रद्द. पॅट्रिशिया हायस्मिथच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’चीही हीच गत : कादंबरीतला नायक गाय खचत खचत अखेर खरोखरच खून करतो, तर चित्रपटातला (१९५१) पिस्तूल घेऊन सावजाच्या घरात शिरतो तो त्याला सावध करण्यासाठी.

‘व्हर्टिगो’ची (१९५८) गोष्ट निराळी. बोआलो-नार्सजाक या लेखकद्वयाच्या १९५४ च्या फ्रेंच कादंबरीत अखेरपर्यंत राखलेले रहस्य हिचकॉकने नायकाच्या आधी प्रेक्षकाला सांगून टाकले. नायिका जूडी पत्र लिहावयास बसते, त्यात सारा कट कबूल करते, मग ते फाडून टाकते आणि करडा सूट कपाटात मागे लोटते. उत्सुकता येथे संपली खरी. परंतु पुढे नायक तिला तोच वेश, तीच केशरचना करावयास लावतो, तेव्हा त्याचा हट्ट आणि तिची मूक शरणागती या दोहोंचे आपण एकटेच जाणते साक्षीदार उरतो, आणि ही यातना कादंबरीच्या वाट्याला आलेलीच नाही. (कादंबरीतला नायक शेवटी तिचा गळा आवळतो, चित्रपटात ती मनोऱ्यावरून पडते, हे खरे, पण तिला फरफटत वर नेणारा तोच असल्यामुळे त्याची निर्दोष मुक्तता होत नाही.)

फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ला (१९७१) तर लपविण्यासारखे काही नव्हतेच, ज्यांच्या हत्येचा कट तीत रचला जातो ते द गॉल १९७० साली स्वतःच्या घरी वारले, हे सर्वांस ठाऊक. तरीही खोटे दाखले, बनावट पासपोर्ट आणि बंदुकीची घडण यांत वाचक गुंततो, आणि दिग्दर्शक झिनेमानने १९७३ च्या चित्रपटात हाच दफ्तरी धिमेपणा निष्ठेने राखला.

वाचकाने म्हणूनच ‘रिबेका’ आधी वाचावी आणि मग पाहावी. ‘व्हर्टिगो’ मात्र कादंबरीवाचून पाहिला तरी काही अडत नाही.